फादरांच्या कपाटातल्या नऊ बाटल्या

१

फादरांच्या कपाटातून नऊ बाटल्या निघाल्या. पुस्तकांच्या मागे, सर्वांत खालच्या फळीवर, शाळेतली मुलं प्रार्थनेला उभी राहतात तशा एका ओळीत. नऊही रिकाम्या. शेजारी एक पांढरं स्वच्छ फडकं, उभी तीन पदरी घडी घालून ठेवलेलं.

बाटल्या काढत होते ते बिशपांचे सचिव. तेही फादरच. माणूस गोलमटोल, बोलणं मऊ, पण शनिवारी सकाळी न कळवता गाडीतून उतरले ते सरळ कपाटाशीच गेले. एकेक बाटली टेबलावर ठेवताना ते मान हलवत होते, आणि त्यांची मान हलली की ताईचा जीव खालीवर होत होता.

ताई म्हणजे फादरांची थोरली बहीण. पस्तीस वर्षं रुग्णालयात परिचारिका होती, आता निवृत्त. आठ दिवस भावाकडे आराम करायला म्हणून कालच आली होती. आराम तिच्या पत्रिकेतच नव्हता.

"पत्रात लिहिलंय तस्संच सापडलं," सचिव म्हणाले आणि त्यांनी खिशातलं निनावी पत्र वाचून दाखवलं. संगणकावर छापलेलं, एकच कागद. "आमचे फादर दारू पितात. गेल्या रविवारी शेवटच्या मिस्सेच्या उपासनेत, प्याला उचलायच्या आधी, त्यांचा तोल गेला. उजवीकडचा मेणबत्तीचा स्टँड धरला म्हणून वाचले. चर्चच्या खोक्यातला मिस्सेचा द्राक्षारस, नऊ बाटल्या, त्यांनी फस्त केला आहे. रिकाम्या बाटल्या पुस्तकांच्या कपाटात सापडतील. त्यांना लवकरात लवकर उपचाराला पाठवावे, ही विनंती."

"खोटं आहे!" ताई म्हणाली. "अरे, तू बोल ना काहीतरी!"

धाकटा, म्हणजे फादर, खिडकीशी उभा होता. पन्नाशीचा, पण पाठ साठीची. तो नुसता बाटल्यांकडे बघत राहिला.

सचिवांनी पत्राची घडी केली. "मला फार वाईट वाटतंय. गेल्या वर्षी यांनी बदली मागितली, तेव्हा लोकांनी तीनशे सह्या करून बिशपांना कळवलं, आमचे फादर आम्हाला हवेत. इतकं प्रेम आमच्यापैकी कुणाच्या वाट्याला येतं? आणि आता हे." त्यांनी सुस्कारा सोडला. "बुधवारी मी परत येतो. तोवर फादर मिस्सा करणार नाहीत, खोलीबाहेर पडणार नाहीत, कुणाला भेटणार नाहीत. बुधवारी लोकांसमोर विचारणा होईल आणि निकाल लागेल. आरोप खरा ठरला तर सहा महिने व्यसनमुक्ती केंद्र. आणि चर्च दुसऱ्याच्या ताब्यात."

गाडी गेली. ताईने दार लावून घ्यायला हात घातला, तर आत कडीच नाही.

"फादरांच्या दाराला कडी नसते, ताई," धाकटा म्हणाला. "कुणाला कधी गरज लागेल सांगता येत नाही." मग तो पलंगावर आडवा झाला, आणि ताई पुढचा प्रश्न विचारेपर्यंत गाढ झोपलासुद्धा.

ताई त्याच्याकडे बघत राहिली. तिने आयुष्यात हजारो झोपलेली माणसं पाहिली होती. अपराधी माणूस असा झोपत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे कुणीतरी डाव साधला होता. कोणी, ते शोधायला चार दिवस होते.

२

तिने टेबलावरची एक बाटली उचलून नाकाशी धरली. वास नाही. दुसरीला नाही, तिसरीलाही नाही. आत बोट घातलं, तर कोरडी ठणठणीत. नऊही बाटल्या कुणीतरी विसळून, पुसून, वाळवून ठेवल्या होत्या. वॉर्डात तिने चोरून पिणारे रुग्ण ढिगाने पाहिले होते. गादीखाली लपवतील, संडासाच्या टाकीत लपवतील, पण रिकामी बाटली धुऊन ठेवणारा बेवडा तिला अजून भेटायचा होता.

तिने जुन्या सवयीने छोटी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, बाटल्या धुतलेल्या.

चर्चच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला लटकत, त्यांना सगळे किल्लीकाका म्हणत. सत्तरीचे, काटक, आणि सतत कुणावर तरी चिडलेले. वेदीमागच्या खोलीत ते मेणबत्त्यांची बुडखं निवडत बसले होते.

"काका, द्राक्षारसाचं खोकं कुठे असतं?"

"या कपाटात. किल्ली दोघांकडे. एक माझ्याकडे, एक फादरांकडे. म्हणजे चोर मी, असंच ना?" काका उसळले. "सरळ विचारा ना!"

"सरळच विचारते. बाटल्या कधी गेल्या?"

"रविवारी शेवटच्या मिस्सेनंतर मी दर आठवड्याला मोजतो. गेल्या रविवारी संध्याकाळी अकरा बंद आणि एक उघडी होती. आज बघतो तर बंद दोनच. एकेक करून नाही हो, एका झटक्यात गेल्या."

ताईने पेन्सिल थांबवली. "रविवारी संध्याकाळी अकरा? नक्की?"

"माझं मोजणं चुकत नाही."

"आणि फादरांचा तोल गेला, ते तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं ना. शेवटच्या मिस्सेला मी मागे मुख्य दाराशी उभा असतो, उशिरा येणाऱ्यांवर डोळे वटारायला. फादर डगमगले आणि डावीकडच्या स्टँडला त्यांनी धरलं. स्टँड वाकला बघा. नवा आणायला सांगितलाय. वेदीवर मदतीलासुद्धा कुणी नव्हतं त्या दिवशी, सगळ्या पोरांच्या परीक्षा." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "माणूस चांगला आहे हो. पण मला विचाराल तर अवघड काम. सगळ्या गावाच्या भानगडी यांच्या कानात. मग कुणाच्या घरी दोन घटका निवांत बसायचं कसं? समोरच्याला वाटतं, यांना माझं सगळं माहीत आहे. मी स्वतः वीस वर्षं इथे आहे, पण त्यांच्याबरोबर कधी जेवलो नाही."

स्वयंपाकाच्या मावशींचं मत अगदी उलट होतं. त्या भांडी आपटत बोलत होत्या.

"फादरांना काय कमी आहे? ना बायकोची कटकट, ना पोरांच्या फिया. आयतं ताट, आयते कपडे. आणि दोन महिन्यांपूर्वी मला म्हणतात, संध्याकाळी येऊ नका. का, तर एकट्यासाठी कशाला! सकाळचंच झाकून ठेवते मी. खातात खिडकीत उभे राहून. खुर्ची आहे, टेबल आहे, आणि हे उभे!"

"तुम्हाला राग आला असेल."

"येणारच ना! माझं संध्याकाळचं काम गेलं." मग ताईच्या हातातली वही दिसली आणि मावशी भानावर आल्या. "पण म्हणून मी असलं पत्र लिहीन? त्या रविवारी तिसऱ्या रांगेत होते मी. डाव्या हाताचा तो स्टँड यांनी धरला, मेणबत्ती आडवी झाली, सगळं मेण फरशीवर. खरवडलं कुणी? मी!"

वहीत दोन वेळा 'डावीकडे' लिहिलं गेलं. पत्रात मात्र 'उजवीकडे' होतं. ताईने त्या शब्दाखाली रेघ मारली आणि तिला एकदम हुरूप आला.

मावशींचं आयतं ताट मात्र तिच्या मनात बराच वेळ राहिलं, कारण इतकी वर्षं तिलाही तेच वाटत आलं होतं. आई चौदा वर्षं अंथरुणाला खिळून होती. कूस बदलणं, भरवणं, रात्रीची जाग, सगळं ताईने केलं. धाकटा वर्षातून दोनदा यायचा, आशीर्वाद द्यायचा, जायचा. आई गेली तेव्हा त्यानेच मिस्सा केली आणि संध्याकाळी दुसऱ्या कुणाच्या तरी अंत्यविधीला निघून गेला. त्या दिवशी दारात उभी राहून ताई मनात म्हणाली होती, सुटला बाई हा. तो राग तिने कधी कुणाला सांगितला नव्हता, आणि आता त्याच भावाला वाचवायला ती वही घेऊन हिंडत होती.

३

रविवारी शेजारच्या गावाहून एक म्हातारे फादर मिस्सेला आले. ताई पहिल्या रांगेत बसली. लहानपणापासून पाहिलेलं सगळं ती पुन्हा पाहत होती. मिस्सा संपत आली तसं म्हाताऱ्या फादरांनी रिकाम्या प्याल्यात थोडं पाणी ओतलं, गोल फिरवलं, ते पिऊन टाकलं आणि पांढऱ्या फडक्याने प्याला आतून पुसला. मग फडक्याची उभी, तीन पदरी घडी घालून प्याल्यावर ठेवली. थरथरते हात, पण घडी अशी बिनचूक की ताईला वॉर्डातल्या पट्ट्या आठवल्या.

त्या घडीत तिला काहीतरी टोचलं. काय, ते कळायच्या आत गायनमंडळ सुरू झालं आणि विचार वाहून गेला.

गायनमास्तर तिसरे संशयित. फादरांनी त्यांच्या गाण्यांची अकरा कडवी तीनवर आणली होती, आणि मास्तर ते उघड उघड विसरायला तयार नव्हते.

"मी नाराज आहे, नाही म्हणत नाही," ते म्हणाले. "पण तीनशे सह्या गोळा केल्या त्या मीच. दारोदार फिरलो. असा फादर पुन्हा मिळायचा नाही. अर्ध्या हाकेला धावतो माणूस. माझी आई गेली तेव्हा तापात फणफणत आले होते."

"तापात? मग तुम्ही परत पाठवलं नाहीत?"

"छे हो! त्यांना कसलं काय! त्यांच्या पाठीशी देव आहे. आपल्यासारखं थकायला त्यांना संसार थोडाच आहे?"

ताई घरी परतली. धाकटा अजून झोपलेला. शनिवारी दुपारपासून जेवणापुरता उठला असेल तेवढाच. खाली फोन वाजत होता आणि मावशी प्रत्येकाला सांगत होत्या, फादर भेटणार नाहीत. सतरावा फोन, असं त्या ओरडून म्हणाल्या. ताईने भावाच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी ठीक. हात स्थिर. दारू अचानक तुटलेल्या माणसाचे हात दुसऱ्या दिवशी पानासारखे थरथरतात. हे हात शांत होते.

त्याने डोळे उघडले.

"मला एकच सांग," ताई म्हणाली. "तू कुणाला पाठीशी घालतोयस का? कुणी तुझ्याकडे पापनिवेदनाला आलं, ते पत्र मीच लिहिलं म्हणाला, आणि आता तुझं तोंड बंद, असं आहे का?"

"त्यावर मी होही म्हणू शकत नाही आणि नाहीही, ताई. तुला माहीत आहे."

ताईला ते होकारासारखंच वाटलं. तिचे डोळे भरून आले. पापनिवेदनात ऐकलेलं जिवावर बेतलं तरी बाहेर काढायचं नाही, हा यांचा नियम. बिचारा स्वतःच्या बदनामीत अडकून पडलाय आणि दार उघडायची किल्ली दुसऱ्याच्या गुपितात आहे!

"तू बोलू नकोस," ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली. "मी सोडवते तुला."

तो घाईघाईने उठून बसला. "ताई, नको. होऊ दे जे होतंय ते. तू यात पडू नकोस."

"गप्प बस," ताई म्हणाली. तिच्या मते हा त्याचा मोठेपणा होता.

४

बुधवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सचिव टेबलामागे, समोर नऊ बाटल्या, बाजूच्या खुर्चीत धाकटा. ताई उभी राहिली आणि तिचा आवाज वॉर्डातला निघाला.

"पत्रावर टपालाचा शिक्का कधीचा आहे, फादर?"

सचिवांनी पाकीट उलटसुलट केलं. "मंगळवार सकाळ."

"किल्लीकाका, रविवारी संध्याकाळी बंद बाटल्या किती होत्या?"

"अकरा!" काका गरजले.

"म्हणजे नऊ बाटल्या संपायला वेळ मिळाला तो रविवार संध्याकाळ ते मंगळवार सकाळ. आता त्या मधल्या सोमवारी फादरांनी काय केलं? पहाटे सहाला मिस्सा. मग शाळेत दोन तास. दुपारी अंत्यविधी. संध्याकाळी तीन घरी आजारी माणसं. पाहिलंत ना तुम्ही सगळ्यांनी?"

"पाहिलं!" सभागृह म्हणालं.

"दीड दिवसात नऊ बाटल्या रिचवणारा माणूस पहाटे मिस्सा करत नाही. त्याला माझ्यासारखी बाई सलाईन लावत असते." हशा पिकला. ताईला चेव आला. "दुसरं. बाटल्या धुतलेल्या आहेत. वास घेऊन बघा. पिणारा माणूस बाटल्या धुऊन मांडून ठेवत नाही, ज्याला त्या सापडायला हव्या असतात तो ठेवतो. तिसरं. फादर चार दिवस माझ्या नजरेखाली आहेत. हात बघा त्यांचे. आणि त्या रविवारी तोल का गेला? तीन चर्चमध्ये चार मिस्सा, पहाटेपासून पोटात अन्नाचा कण नाही. मी असते तर दुसऱ्याच मिस्सेला पडले असते."

"आणि चौथं," ती म्हणाली आणि मुद्दाम थांबली. "पत्रात लिहिलंय, उजवीकडचा स्टँड. मास्तर, कुठला होता?"

"डावीकडचा!" गायनमास्तर उठून उभे राहिले आणि त्यांनी हात पसरून डगमगून दाखवलं. "अख्ख्या गावाने पाहिलंय!"

"म्हणजे पत्र लिहिणारा त्या दिवशी चर्चमध्ये नव्हताच. ऐकीव गोष्टीवर त्याने एका सज्जन माणसाचं आयुष्य पणाला लावलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सचिवांनी पत्राचे दोन तुकडे केले. आरोप खोटा आहे, ते म्हणाले, फादर आजपासून पुन्हा कामावर, आणि लोकांचं हे प्रेम पाहून बिशप त्यांना आणखी सहा वर्षं इथेच ठेवतील याची मी खात्री देतो. लोकांनी उठून जल्लोष केला. मावशी रडल्या. मास्तरांनी गाणं धरलं, पूर्ण अकरा कडव्यांचं.

ताई विजयाने भावाकडे वळली.

धाकटा हसत होता. लोक हात मिळवत होते आणि तो हसत होता. पण ताईने तसं हसू पूर्वी पाहिलं होतं. सुटीचा कागद हातात पडेल म्हणून सामान बांधून बसलेल्या रुग्णाला डॉक्टर म्हणतात, अजून राहावं लागेल. त्या वेळी रुग्ण डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून असाच हसतो.

५

तिला तिथे उभं राहवेना. ती चर्चमध्ये गेली. किल्लीकाका नवा मेणबत्तीचा स्टँड घेऊन वेदीवर चढत होते.

"ताई, जरा धरता का? मागून धरा, मी पुढून पाया बसवतो."

ताई वेदीच्या मागे जाऊन उभी राहिली. फादर उभे राहतात तिथेच. समोर रिकामे बाक, दूर मुख्य दार. तिने स्टँड धरायला हात पुढे केला.

उजवा हात.

तिने डाव्या बाजूला पाहिलं, पुन्हा उजव्या बाजूला पाहिलं. बाकावरून, दारातून, गायनाच्या माडीवरून जो स्टँड डावीकडे दिसतो, तो इथून उजवीकडे होता. पत्र लिहिणारा त्या दिवशी चर्चमध्ये नव्हता असं नाही. तो चर्चमध्ये होता, पण लोकांकडे तोंड करून उभा होता. आणि त्या दिवशी वेदीवर तसा एकच माणूस उभा होता.

"ताई, सोडू नका!" काका ओरडले.

पण ताईच्या डोक्यात आता एकेक गोष्ट जागेवर बसत होती. पाण्याने विसळून कोरड्या केलेल्या बाटल्या. बावीस वर्षं रोज प्याला विसळणारे हात रिकामं भांडं तसंच ठेवूच शकत नाहीत, खोटी दारू मांडायची असली तरी नाही. कपाटातलं ते फडकं, उभ्या तीन पदरी घडीचं. द्राक्षारसाच्या कपाटाची दुसरी किल्ली. आणि पत्राचा शेवट. वैरी माणूस शिक्षा मागतो. या पत्राने उपचार मागितले होते.

ती धावत जिना चढली. धाकटा लोकांना चुकवून खोलीत आला होता आणि खिडकीशी उभा होता. ताईने दार लोटलं आणि खुर्ची दाराला लावली.

"तू लिहिलंस."

तो वळला नाही. "हो."

"द्राक्षारसाचं काय केलंस?"

"मोरीत ओतला. सोमवारी रात्री. तिसऱ्या बाटलीला रडू आलं."

"पण का? अरे, दारुडा म्हणून जायचं होतं तुला? आईबाबांच्या नावाला..."

"मी दोन वर्षांपूर्वी एका फादरांना त्या केंद्रात सोडायला गेलो होतो," तो म्हणाला. "बाग आहे तिथे. खोलीला आतून कडी आहे. फोन नाही. आणि सकाळी एक माणूस येतो, समोर बसतो आणि विचारतो, कसे आहात. ताई, मी बावीस वर्षं बायकामुलांशिवाय राहिलो, त्याचं काही वाटलं नाही. लोकांना तेवढंच दिसतं. पण मला कुणी कसे आहात असं विचारून उत्तरासाठी थांबलेलं नाही. मी चांगलाच असणार, हे त्यांनी ठरवून टाकलंय. मी त्या फादरांना सोडून परत आलो आणि मला त्यांचा हेवा वाटला. दारूचा नाही. खुर्चीचा."

"मग सांगायचं ना, थकलोय म्हणून!"

"सांगितलं. एकदा नाही, तीनदा. बिशप प्रार्थना वाढवा म्हणाले. मग तीनशे सह्या आल्या. दारूला केंद्र आहे, ताई. थकव्याला काही नाही. त्या रविवारी वेदीवर पाय लटपटले, वर पाहिलं, तर लोकांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच काळजी होती. पितात वाटतं, असं कुणीतरी कुजबुजलं. मला इतकं हलकं वाटलं! मी म्हटलं, हे दार आहे."

"आणि पापनिवेदनाचं मला खोटं सांगितलंस."

"खोटं नाही. कुणीही, कधीही विचारलं तरी माझं उत्तर तेच असतं. तू त्यातून तुला हवं ते घेतलंस." तो आता वळला. "मला अजूनही मिस्सा करायला आवडते. मला हे सोडायचं नाही. फक्त सहा महिने कुणाचं काहीच व्हायचं नव्हतं. आता तू सगळं सिद्ध केलंस. आणखी सहा वर्षं."

खाली अकरावं कडवं चालू होतं. ताई पलंगावर बसली. चौदा वर्षं तिला वाटत होतं की एक जण अडकला आणि एक सुटला. आईच्या खोलीत ती कोंडलेली होती तेव्हा निदान शेजारणी दारात येऊन विचारायच्या, दमलीस का गं. याला तेही नव्हतं. तिला त्याचा राग आला, स्वतःच्या हुशारीचा त्याहून जास्त आला, आणि मग नुसतं रडू आलं.

खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. सचिव निघाले होते.

ताई उठली. "चल खाली."

"काय सांगणार आहेस?"

"मी काही सांगणार नाही. तू सांगणार आहेस."

"सचिव ऐकणार नाहीत, ताई. आणि मी खोटं पत्र लिहिलंय. त्याची शिक्षा वेगळी."

"ऐकायला मी लावते. शिक्षेचं पुढे बघू," असं म्हणून तिने खुर्ची बाजूला केली.

६

सचिव गाडीत अर्धे बसले होते. ताईने दार धरलं.

"पत्र लिहिणारा सापडला. आत चला."

"कोण?" सचिव चटकन उतरले. "नाव सांगा. अशा माणसाला सोडता कामा नये."

"सोडायचाच आहे त्याला. कार्यालयात बसा, मी आणते. पण एक अट आहे. लोकांचं तुमच्यावर प्रेम आहे, हे वाक्य त्याच्यासमोर उच्चारायचं नाही."

सचिवांना काही कळलं नाही. पण ताईचा आवाज असा होता की ते निमूट जाऊन खुर्चीत बसले. दारातून धाकटा आत आला आणि समोरच्या खुर्चीत बसला. सचिव आधी त्याच्याकडे बघून हसले, मग त्याच्यामागे दुसरं कुणी येतंय का म्हणून दाराकडे पाहिलं. कुणी आलं नाही. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"तुम्ही?" ते म्हणाले. "पण फादर, हे लोक तुमच्यावर..."

ताई दारातून नुसती त्यांच्याकडे पाहत राहिली. ते थांबले. त्यांनी घाम पुसला. हातातली फाईल बंद केली, आणि मग त्यांचा तो मऊ आवाज अगदी लहान झाला.

"कसे आहात?" त्यांनी विचारलं.

धाकट्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं. बावीस वर्षं हजार लोकांसमोर न अडखळता बोललेला माणूस, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. सचिव थांबून राहिले.

"मी बरा नाही," तो शेवटी म्हणाला.

ताईने बाहेर येऊन दार ओढून घेतलं. बाहेर सगळी मंडळी जमली होती. पुढे मास्तर, मागे मावशी, काका किल्ल्या वाजवत.

"सापडला म्हणे! कोण आहे तो, ताई?"

"आजारी माणूस आहे," ताई म्हणाली. "नाव मी सांगणार नाही."

"सांगा हो! आम्ही काही करणार नाही त्याला," मास्तर म्हणाले. "फादर तर लगेच माफ करतील. त्यांचं मन केवढं मोठं आहे!"

"ह्या माणसाला माफ करायला त्यांना फार वेळ लागणार आहे," ताई म्हणाली. "तेव्हा तुम्ही सगळे आता घरी जा."

कुणी हललं नाही. ती दाराला पाठ लावून उभी राहिली आणि लोक जाईपर्यंत तशीच उभी राहिली.